ब्रॉयलरच्या खाद्यात एन्झाइम: मात्रा, मिसळणी आणि नेहमीच्या चुका

कोणते एन्झाइम घ्यायचे हे फॉर्म्युल्यातला कच्चा माल ठरवतो. मका-सोयापेंडीच्या खाद्यात फायटेज (फायटेट फोडून फॉस्फरस मोकळा करणारे एन्झाइम) जवळजवळ नेहमीच कामाला येते. वनस्पतिजन्य मालातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि पक्ष्याला तो स्वतःहून फारसा मोकळा करता येत नाही. भाताचा कोंडा वाढला की फायटेटही वाढते. गहू जास्त असेल तर झायलनेज, बार्ली असेल तर बीटा-ग्लुकनेज; ही दोन्ही धान्यातला तंतू फोडतात. गव्हातला विरघळणारा तंतू आतड्यातला लगदा चिकट करतो, विष्ठा पातळ पडते आणि लिटर (शेडमधला भुशाचा थर) लवकर ओले होते. प्रथिने पचवणाऱ्या प्रोटिएजचा फायदा सोयापेंडीच्या दर्जावर अवलंबून असल्याने त्याचा विचार शेवटी करावा.

मात्रा ग्रॅममध्ये ठरवू नका, युनिटमध्ये ठरवा. फायटेजची नेहमीची मात्रा किलो खाद्याला ५०० एफटीयू (फायटेजची ताकद मोजायचे युनिट). पावडरची ताकद ग्रॅमला ५,००० एफटीयू असेल तर टनाला १०० ग्रॅम लागेल. १०,००० असेल तर ५० ग्रॅम. ब्रँड बदलला आणि जुनेच वजन चालू राहिले, की मात्रा निम्मी किंवा दुप्पट होते. वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेली युनिटे एकमेकांशी ताडूनही बघू नयेत.

आता डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात फॉस्फरस देणारे खनिज). फायटेज फॉस्फरस मोकळा करते, म्हणून डीसीपी तेवढा कमी करता येतो. ५०० एफटीयूला ०.१० टक्के उपलब्ध फॉस्फरस धरणे सावधपणाचे. म्हणजे टनामागे १ किलो फॉस्फरस, १८ टक्के फॉस्फरस असलेल्या डीसीपीत साधारण साडेपाच किलो. एवढा डीसीपी काढला की सव्वा किलोच्या आसपास कॅल्शियमही कमी होते. ते भरून काढायला लगेच चुनखडी ओतू नका: फायटेज थोडे कॅल्शियमही सोडवते, आणि जादा चुनखडी फायटेटला बांधून एन्झाइमचेच काम अडवते. तीन एन्झाइम वापरत असाल तर तिन्ही लेबलांवरची ऊर्जा बेरीज करून फॉर्म्युल्यात धरू नका. एकत्र वापरल्यावर फायदा तेवढा वाढत नाही.

१०० ग्रॅम पावडर टनभर खाद्यात म्हणजे दहा हजारात एक भाग, त्यामुळे ती थेट मिक्सरमध्ये टाकायची नाही. आधी १ किलो बारीक मका भरड्यात हाताने चोळून मिसळा, मग ते १० किलो भरड्यात. मिक्सर निम्मा भरल्यावर हे मिश्रण पसरून टाका आणि वरून उरलेला माल. तेल शेवटी, कोरडे मिश्रण नीट झाल्यावरच. आधी टाकले की पावडर गोळ्यांत अडकते. आडव्या रिबन मिक्सरला ४-५ मिनिटे पुरतात, उभ्या स्क्रू मिक्सरला १२-१५ लागतात. शंका असेल तर एकाच बॅचचे दहा ठिकाणचे नमुने घेऊन त्यातले मीठ तपासून घ्या. फरकाचा गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) १० टक्क्यांपेक्षा जास्त आला तर मिसळणीच कच्ची आहे. पावडर हाताळताना मास्क लावाच, एन्झाइमच्या धुळीने श्वसनाची ॲलर्जी होते.

पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या) काढत असाल तर कंडिशनरचे, म्हणजे आधी खाद्य वाफेने तापवणाऱ्या भागाचे, तापमान बघा. ८० अंशांच्या वरच्या वाफेत साधी पावडर बरीच निकामी होते. तेव्हा कोटेड किंवा उष्णता सोसणारे एन्झाइम घ्या, नाहीतर पेलेट झाल्यावर द्रवरूप फवारा.

साठवण थंड, कोरड्या जागी. कोलीन क्लोराइड (खाद्यात घालायचे एक पूरक) ओलावा ओढते. एन्झाइम त्याच्याबरोबर किंवा खनिज मिश्रणात मिसळून महिनोन् महिने ठेवले की ताकद उतरते.

दहाव्या दिवसानंतर पिल्ले लंगडू लागली आणि चोच बोटाने दाबल्यावर रबरासारखी वाकत असेल, तर फॉस्फरस कमी पडतोय अशी पहिली शंका घ्या. हीच लक्षणे डी३ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही दिसतात, म्हणून प्रीमिक्सही (जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण) तपासा. पुढच्याच बॅचमध्ये काढलेला डीसीपी परत टाका आणि मग शांतपणे वजनकाटा, मिक्सरची वेळ आणि पावडरची मुदत बघा.