इयत्ता बघून गणिताच्या पुस्तकांचा संच घेऊ नका

घरीच शिकवणार असाल तर वय बाजूला ठेवा, आधी पातळी-चाचणी घ्या, म्हणजे मुलाला नेमकं कुठवर येतं ते कळेल. आमची लेक नऊ वर्षांची, तोंडी हिशेबात चटपटीत. पण ५२ वजा २७ तिने ३५ लिहिले. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून सरळ ७ मधून २ काढले होते! इंदूरला आमच्या ओट्यावर दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या, त्यातली एक सोडून सुट्या काड्यांत मिसळली, तेव्हा कुठे २५ आले. त्यात आठवडा गेला. ‘एक धडा पक्का, मगच पुढचा’ अशा अभ्यासक्रमात असं थांबता येतं, म्हणून मला तो आवडतो. फक्त घेताना पानं चाळून बघाच, मागच्या धड्यांची मिश्र उदाहरणं मध्येमध्ये आहेत का? नसतील तर भागाकार येईस्तोवर मुलं वजाबाकी विसरतात.