कपिंग करताना या चुका टाळा: डाग काळा पडला म्हणजे गुण आला असं नाही

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग सगळ्या जगाने पाहिले. तेव्हापासून कपिंगला, म्हणजे अंगावर कप लावून त्यातली हवा कमी करून कातडी ओढून घ्यायला, येणारे बरेच जण आधी डागांबद्दलच विचारतात. ‘माझे फिकट आले, म्हणजे नीट झालं नाही का?’ मी कपिंग करतो आणि शिकवतोही. या एका समजुतीने जितकं नुकसान झालेलं मी पाहिलंय, तितकं दुसऱ्या कशाने नाही.

डाग म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या. कपातली हवा कमी झाली की कातडी वर ओढली जाते. कातडीखालच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपतं. मार लागल्यावर काळंनिळं पडतं, तसंच हे. ‘विषारी द्रव्यं वर आली’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ओढ आणि वेळ दोन्ही वाढवत गेलात तर कातडीचे थर सुटे होतात, मध्ये पाणी साठतं आणि फोड येतो. फोड आला की ती जखमच झाली.

एकदा माझ्याकडच्या एका शिकाऊ मुलाने सरावासाठी स्वतःच्या वडिलांना आणलं. कंबरेवर सहा कप लावले, कपातली हवा ओढणारा पंप जोरात मारला आणि तो फोनवर बोलायला बाहेर गेला. मी शेजारच्या खोलीत होतो. परत येऊन त्याने विचारलं, ‘बाबा, दुखतंय का?’ ‘नाही रे, काहीच नाही,’ ते म्हणाले. मग अजून थोडा वेळ राहू दे म्हणून त्याने कप तसेच ठेवले. मी आत आलो तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती आणि दोन कपांत टपोरे फोड दिसत होते. वडिलांना जुना मधुमेह होता. कातडीची संवेदनाच मंदावलेली, मग दुखणार कसं? एक फोड चिघळला, अँटिबायोटिक घ्यावं लागलं आणि जखम भरायला काही आठवडे गेले. मुलगा रडला. मधुमेहाचं मीही विचारलं नव्हतं, ते मला अजून लागून राहिलंय.

त्या दिवसापासून पहिल्या वेळी मी पाच मिनिटांच्या पुढे जात नाही. नंतरही दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झालं. पंप दोनदा मारतो, थांबतो, कातडी बघतो. गजर लावतो आणि खोली सोडत नाही. फोड आलाच तर फोडू नका. स्वच्छ पट्टीने झाका आणि डॉक्टरांना दाखवा. जुने डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागी पुन्हा कप नाही. डाग जायला काही दिवस ते दोन आठवडेही लागतात. तेवढा धीर नसेल त्याने कपांना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक न विचारण्याची. ‘काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात, कारण रोजची ॲस्पिरिन त्यांना औषध वाटतच नाही. म्हणून मी गोळ्यांची डबीच दाखवायला सांगतो. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन यातलं, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं, काही दिसलं तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप नाही. रक्त न गोठण्याचा आजार असेल तर अजिबातच नाही. गरोदर बाईच्या पोटावर आणि कंबरेवर मी कप लावत नाही. एक्झिमा किंवा सोरायसिससारखा त्वचेचा आजार असेल तर कपिंगने तो चिघळू शकतो. सोरायसिसचे नवे चट्टे तर कप लागला त्याच जागी उठू शकतात.

आगीचे कप, म्हणजे पेटत्या कापसाच्या बोळ्याने आतली हवा तापवून लावायचे कप, पुस्तकात किंवा चित्रफितीत बघून करू नका. बोळा स्पिरिटमध्ये बुडवला की घट्ट पिळा. थेंब गळला तर जळता थेंब पाठीवर पडतो. कपाच्या कडेला ज्योत लागू देऊ नका, तापलेली कड कातडी भाजते. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको. खरं तर नवशिक्याने पंपाचे किंवा सिलिकॉनचे कपच वापरावेत.

चिरा देऊन रक्त काढण्याचं कपिंग घरी करायचं नाही. इथे मी कुणाशी वाद घालत नाही. रक्तातून पसरणारा, यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. स्पिरिटचा बोळा फिरवून कप शुद्ध होत नाही. ब्लेड आणि कप माणसागणिक नवे हवेत आणि काम शिकलेल्या, परवानाधारक माणसाचं हवं. ते वारंवार केलं तर रक्तही कमी होतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कप ओढून काढू नका, कडेजवळची कातडी बोटाने दाबा, हवा शिरली की तो आपोआप सुटतो. मणक्याच्या हाडावर, मानेच्या पुढच्या बाजूला, फुगलेल्या शिरांवर, उन्हाने भाजलेल्या कातडीवर कप नको. उपाशीपोटी कुणाला बसवू नका, चक्कर येते. आलीच तर कप काढा, आडवं करा, पाय उंच ठेवा.

आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळूही नका, कपही लावू नका. आत शिरेत रक्ताची गाठ असू शकते. छातीतून डाव्या हाताकडे कळ जात असेल तर तो खांदा आखडल्याचा प्रकार आहे असं गृहीत धरू नका. अशा वेळी मी कपांची पेटी उघडतच नाही, माणसाला त्याच क्षणी दवाखान्यात पाठवतो.