चर्चचं वर्ष घरात कसं पाळायचं, पुण्याच्या धावपळीत

मी अनेक वर्षं नाताळ आणि ईस्टर एवढंच धरून चाललेलो ख्रिस्ती माणूस. मध्ये काय असतं ते पाळक साहेबांच्या गळ्यातल्या पट्ट्याचा रंग बदलला की कळायचं, आणि तेही बायकोने कोपराने ढोसलं तर. हळूहळू लक्षात आलं की शिष्यत्व म्हणजे एखाद्या कन्व्हेन्शनला जाऊन रडून येणं नाही, तो नेम आहे, आणि नेम लावून घ्यायला चर्चचं कॅलेंडर एकदम कामाचं आहे. तर हे मला जसं जमलं तसं सांगतोय.

आधी तारखा. चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे साधारण चार आठवडे, लागतो तेव्हा सुरू होतं. ईस्टर दरवर्षी सरकतो म्हणून लोक वैतागतात पण आपल्याला त्याचं कौतुक नको, घरात कालनिर्णय असतंच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघायची, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे साधारण होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा, अधिक महिन्याच्या हिशोबाने कधी ही कधी ती. २०२४ ला होळीनंतरच्या रविवारी आला, २०२६ ला हनुमान जयंतीनंतरच्या. एवढं कळलं की मागे ४६ दिवस मोजले की राखेचा बुधवार, म्हणजे लेंटची, ईस्टरआधीच्या उपासकाळाची सुरुवात, आणि ईस्टर धरून ५० वा दिवस पेन्टेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याचा सण. कॅलेंडरवर पेनाने खुणा करून टाका, दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच, म्हणजे रोज नजर पडते.

आगमनकाळात एकच काम करायचं, थांबायचं, आणि आपल्याला तेच जमत नाही. कॅरल राऊंड, केकची ऑर्डर, करंज्या, शॉपिंगला कॅम्पात जायचं, तिथे पार्किंग नाही, या सगळ्यात चार आठवडे कुठे जातात कळत नाही. आम्ही स्टीलच्या ताटात चार मेणबत्त्या ठेवतो, लाईट गेल्यावर लावतो त्याच साध्या. पहिल्या रविवारी जेवणाआधी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत. वाचायला बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला एक छोटा उतारा, पाच मिनिटांच्या वर नाही, नाहीतर पोरं पळतात. आणि नाताळचा तारा २६ तारखेला उतरवू नका. ख्रिस्तजन्माचा काळ बारा दिवसांचा आहे, ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांची आठवण, तोपर्यंत तारा राहू दे. सोसायटीवाले विचारतात अजून काढला नाही का, मग सांगायला विषय मिळतो.

आता लेंट, यावर जरा जास्त बोलतो कारण गडबड इथेच होते. ४६ दिवसांतून सहा रविवार वजा केले की ४० राहतात, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून उपासात धरत नाहीत. हे मला माहीतच नव्हतं, पहिल्या वर्षी रविवारी पण मटण बंद केलं आणि घरात सगळ्यांवर चिडचिड, म्हणजे उपास माझा आणि भोगलं घरच्यांनी. दुसऱ्या वर्षी व्हॉट्सअॅप सोडलं आणि ते सोडतोय असं आधी स्टेटस टाकलं!! मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळता कामा नये. तो अध्याय राखेच्या बुधवारी वाचला जातो, मी वाचून झाल्यावर गुपचूप स्टेटस डिलीट केलं.

तर कसं करायचं. एक गोष्ट सोडायची आणि त्यातून जे वाचेल ते कुणाला तरी द्यायचं, या दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत तर ते नुसतं डाएट होतं. आमची आजी लेंटमध्ये रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची आणि ईस्टरच्या आधी तो डबा कुणाच्या घरी जायचा ते आम्हाला कधी कळलं नाही. मी आता स्विगीचे पैसे बाजूला टाकतो, तेवढाच फरक. तिसरी गोष्ट प्रार्थना, ती वेळ ठरवून. माझी सकाळची बसमधली असते, हडपसरपर्यंत ट्रॅफिक एवढं की एक स्तोत्र आरामात होतं.

कॅथलिक लोक लेंटला प्रायश्चित्तकाळ पण म्हणतात. पुण्यात प्रायश्चित्त म्हटलं की मला पंचहौदचा चहा आठवतो, १८९० ला गुरुवार पेठेतल्या त्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. तिथे प्रश्न होता कुणाच्या हातचं प्यायलास, लेंटमध्ये प्रश्न असतो की मनाने कुठे भरकटलास. तिथून जाताना त्या मिशनच्या देवालयाच्या मनोऱ्याकडे बघून हे दरवेळी डोक्यात येतं.

पवित्र आठवड्याचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या आठवड्याचं, फार सांगत नाही, चर्चमध्ये सगळं ठरलेलं असतं. फक्त गुड फ्रायडेची बारा ते तीनची उपासना अर्धी सोडून येऊ नका. त्यात येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार घेतात, सातव्यापर्यंत बसलं तरच ते एकत्र लागतं. पुण्याचं ऊन असतं तेव्हा, पंख्याखालची जागा लवकर जाऊन पकडा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेली झावळी टाकू नका, फोटोच्या मागे खोचून ठेवा, बऱ्याच चर्चमध्ये पुढच्या राखेच्या बुधवारची राख तिचीच करतात.

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस मात्र आपण अक्षरशः फुकट घालवतो. चाळीस दिवस उपास जमतो आणि पन्नास दिवस आनंद जमत नाही, कारण परीक्षा, सुट्टी, गावी लग्नं. आम्ही एक सोपं केलंय, या दिवसांत दर आठवड्याला एका माणसाला जेवायला बोलवायचं, शक्यतो ज्याला कुणी बोलवत नाही असा. पीजीमध्ये राहणारी पोरं खूश होतात.

आणि मग पाळकांच्या पट्ट्याचा हिरवा रंग. पेन्टेकॉस्टनंतर जवळपास सहा महिने, आगमनकाळापर्यंत, सण जवळजवळ नाहीतच. माझ्या मते खरं शिष्यत्व इथेच कळतं, कारण इथे कुणी ढकलायला नसतं. बाहेर पाऊस, खडकवासला भरतंय, गणपती येतात जातात, ऑफिसचं चक्र चालू. पालख्या पण याच दिवसांत पुण्यात येतात, नाना पेठ भवानी पेठ गच्च भरते. रेव्हरंड टिळक, म्हणजे नारायण वामन, लोकमान्य नव्हे, ते आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. मला ते वाक्य भाषणात ऐकून काही वाटलं नव्हतं, पण एकदा पावसात टपरीखाली उभा राहून एका म्हाताऱ्या वारकरी आजींच्या चपला बघितल्या, अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, आणि त्या निवांत चालत होत्या. लूक ९:२३ मध्ये ‘दररोज’ हा शब्द आहे, दररोज आपला वधस्तंभ उचलून. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला.

या काळासाठी नेम छोटा ठेवा. चर्चमध्ये वाचायच्या पाठांचं तीन वर्षांचं चक्र असतं, शुभवर्तमानांतून एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मध्ये मध्ये येतो. २०२६ च्या आगमनकाळापासून मार्क लागतो, फक्त १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक वाचला तरी पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपास होऊन जातो. आठवडा चुकला तर मागचं भरून काढायला बसू नका, मी ते करायला गेलो की दोन्ही सुटतं. त्या रविवारी चर्चमध्ये जो पाठ वाचला तिथून पुढे धरायचं, आणि बुकमार्क म्हणून ती सुकलेली झावळी वापरू नका, चुरा होतो सगळा पानात.