काकवीतली जर्मन मसाला बिस्किटं, घरच्या घरी

डिसेंबरात आपल्याकडं गुऱ्हाळं जोरात असतात आणि तिकडं जर्मनीत ख्रिसमसच्या आधी घरोघरी मसाल्याची बिस्किटं भाजतात. त्यातलं करायला सगळ्यात सोपं म्हणजे फेफरन्यूसे. फेफर म्हणजे मिरी, पण जुन्या काळी तिकडं कुठल्याही परदेशी मसाल्याला फेफर म्हणायचे. न्युरेंबर्ग शहर अशा पदार्थांसाठी प्रसिद्ध झालं कारण आजूबाजूच्या जंगलात मध भरपूर आणि मसाल्याच्या व्यापाराचे रस्ते तिथनंच जायचे. आपल्याकडं मधाच्या जागी ताजी काकवी आहे, म्हणून मी ह्यात मध घालतच नाही, आणि मला तर काकवीचीच चव जास्त आवडते.

१२० ग्रॅम काकवी, ५० ग्रॅम किसलेला गूळ (तांबूस, काळपट घ्या, पिवळाधमक नको) आणि ५० ग्रॅम बटर मंद गॅसवर फक्त विरघळेपर्यंत गरम करा, उकळी आणू नका, नाहीतर पाक होतो आणि बिस्किट कडक होतं. मग पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना अंडं घातलंत तर ते शिजून गाठी होतात. गार झाल्यावर १ अंडं फेटून घाला.

आता मसाला, खरी गंमत इथंच आहे. दालचिनी दीड छोटा चमचा, लवंग, वेलची, सुंठ, धणे प्रत्येकी अर्धा, जायफळ आणि काळी मिरी पाव पाव, आणि चक्रफुलाची एखादी पाकळी. कांदा-लसूण मसाल्यासारखं तेलात भाजायचं नाही, कोरडंच बारीक दळा आणि चाळून घ्या. आणि ज्या भांड्यात तिखट दळता ते मिक्सरचं भांडं अजिबात वापरू नका, कितीही घासलं तरी वास उतरतोच.

२५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बदामाची पूड, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि हा मसाला एकत्र करून काकवीत कालवा. पीठ हाताला चिकटेल. चिकटू दे. मी पहिल्या वर्षी घाबरून वरनं मैदा घालत गेले आणि सगळी बिस्किटं कडक झाली, त्यामुळं हे कळकळीनं सांगते. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पीठ घट्ट होतं आणि मसालाही मुरतो.

ओल्या हातानं अक्रोडाएवढे गोळे करा, ३५-४० होतात. १७५ डिग्रीला १२-१४ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ घालून झाकण लावून १५ मिनिटं तापवा, आत स्टँडवर ताटली ठेवा, वेळ थोडा जास्त लागतो, खालची बाजू बघत राहा. वरनं मऊ वाटले तरी काढा, गार होताना घट्ट होतात.

१५० ग्रॅम पिठीसाखरेत दोन मोठे चमचे लिंबूरस घालून घट्टसर पेस्ट करा आणि गार झालेली बिस्किटं त्यात बुडवून जाळीवर वाळवा.

पहिल्या दिवशी कडक लागली तर वाईट वाटून घेऊ नका, हवाबंद डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवा आणि दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी येते. चौथ्या-पाचव्या दिवशी मऊ होतात आणि लवंग-दालचिनी नीट कळायला लागते.