हार्ड डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही? विंडोज मारण्याआधी या चुका टाळा

‘‘दादा, काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतंय आणि पुढे जातच नाही.’’ दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत असा एखादा फोन येतोच. मी विचारतो, काय लिहिलंय? उत्तर ठरलेलं असतं. ‘‘ते नाही बघितलं. विंडोज उडालं असणार. येऊन फॉरमॅट मारून द्या ना.’’

‘विंडोज उडालं’ हे निदान आपल्याकडे फार लाडकं आहे आणि त्यावरचा उतारा त्याहून लाडका. पण माझ्याकडे या तक्रारीने आलेल्या कितीतरी मशीनमध्ये विंडोज ठणठणीत असतं, फक्त मशीन तिथवर पोचत नसतं. बांधकामावर विटा वर चढवताना माणसं रांगेने उभी राहतात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात वीट जाते. कॉम्प्युटर सुरू होणं तसंच आहे. बायोस (बोर्डवरच बसवलेला, सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) डिस्क शोधतं, डिस्कवरचा छोटा प्रोग्राम बूट मॅनेजरला हाक मारतो आणि बूट मॅनेजर विंडोज उठवतो. वीट कोणाच्या हातात अडकली हे न बघता शेवटच्या माणसाला बदलण्यात काय हशील?

म्हणून पहिली चूक म्हणजे स्क्रीनवरचं न वाचणं. मोबाइल काढा आणि फोटो घ्या. ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं, तर बायोसला सुरुवात करण्याजोगं काहीच सापडलेलं नाही. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ आलं, तर डिस्क दिसली, तिचा पहिला भाग वाचलाही गेला, पुढची फाइल तेवढी मिळाली नाही. म्हणजे केबल, पॉवर यांना उगाच दोष देऊ नका. विंडोजचा लोगो येऊन ठिपके गोल गोल फिरत राहिले, तर वीट शेवटच्या माणसापर्यंत गेलेली आहे.

यानंतर एकच प्रश्न: बायोसला डिस्क दिसते का? मशीन चालू करताच एफ२ किंवा डिलीट दाबत राहा, बहुतेक मशीन सेटअपमध्ये जातात. नुसता बूट मेन्यू हवा असेल तर डेल, लेनोवो, गिगाबाइटला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयच्या बोर्डला एफ११. यादीत डिस्कचा मॉडेल नंबर दिसला तर निम्मं टेन्शन संपलं. दिसला नाही, तर विंडोजचा पेनड्राइव्ह घेऊन बसण्यात अर्थ नाही, कारण ते टाकणार कशावर? एसएसडीच्या, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या नव्या डिस्कच्या, बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा. काही स्वस्त एसएसडी मरताना गायब होत नाहीत, नाव बदलतात. कंपनीच्या नावाऐवजी ‘साटाफर्म एस११’ असं काहीतरी दिसलं, तर डिस्कच्या आतला फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम, गेलेला आहे. तिथे विंडोज टाकून बघण्याचा खटाटोप करू नका.

आता पेनड्राइव्हचा किस्सा, कारण तो टाळता येत नाही. एका शाळेच्या ऑफिसातून फोन आला, दहावीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि मशीन बंद. अवजारांची बॅग, जादा डिस्क, पॉवर सप्लाय असं सगळं लटांबर घेऊन दोन जिने चढलो. कॅबिनेट पुढे ओढलं तर मागच्या पोर्टात ४ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यात गणपतीची गाणी. बायोस आधी यूएसबी बघत होतं, त्यावर सुरू होण्यासारखं काही नव्हतं आणि तिथेच ते अडून बसलं होतं. पेनड्राइव्ह उपटला आणि मशीन सुरू झालं. चार्ज म्हणून चहा घेतला. तेव्हा आधी यूएसबीचं जे जे निघेल ते काढा: पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर. कार्डाची खाच असलेला प्रिंटरसुद्धा.

डिस्क दिसतच नसेल तर डेस्कटॉपचं झाकण उघडा. पण आधी स्विच बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. डिस्कला दोन केबल येतात. अरुंद ती डेटाची, ७ संपर्कांची. रुंद ती पॉवरची, १५ संपर्कांची. कॅबिनेट सरकवलं, झाडू मारताना धक्का लागला, उंदराने संसार थाटला, एवढं या केबल ढिल्या व्हायला पुरतं. एकदा मला पॉवरच्या कनेक्टरशेजारी चिकटून वाळलेली पाल मिळाली होती. केबल काढताना वायरला नाही, कनेक्टरला धरून सरळ ओढा. तिरकं ओढलं तर डिस्कवरची प्लॅस्टिकची बारीक जीभ तुटते आणि केबलचं दुखणं डिस्कवर जातं. दुसरी केबल आणि बोर्डवरचं दुसरं पोर्ट लावून बघा.

केबल खराब की डिस्क, यावर घरबसल्या मिळणारा एक पुरावा आहे. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, किंवा मशीन कसंबसं सुरू झालं, तर क्रिस्टल डिस्क इन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा फुकटचा प्रोग्राम चालवा. त्यात ०५, सी५, सी६ आणि सी७ एवढ्या चारच ओळी बघायच्या. पहिल्या तिघींत शून्याखेरीज काही असेल तर डिस्कचा पृष्ठभाग खराब व्हायला लागलाय. सी७ मात्र डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या बोलण्यात झालेल्या चुका मोजते. बाकीच्या तिन्ही शून्य आणि सी७ वाढतेय, तर बहुधा गुन्हेगार केबल आहे. हा आकडा कधी उतरत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का तेवढं पाहायचं. आणि आकडे मुळात सोळाच्या पद्धतीत दिसतात, तेव्हा ‘१०’ म्हणजे सोळा. एकदा गिऱ्हाइकाशी यावरून वाद घातलाय मी, आणि चूक माझी होती.

सेलबद्दल. बोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. नावातच सगळं लिहिलंय. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख मागे गेलेली दिसत असेल, तर हा सेल गेलाय, बदला. वडापावच्या पैशात येतो. चूक वेगळीच आहे: काहीही झालं की ‘सेल काढून घाला, बायोस रीसेट करा’ असा सल्ला कोणीतरी देतं आणि लोक करतात. रीसेट झालं की बूटचा क्रम, डिस्क चालवायची पद्धत, जुनं बायोस की त्याच्या जागी आलेलं नवं यूईएफआय हे सगळं कारखान्यातल्या अवस्थेत जातं. तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल आणि बोर्ड आता फक्त यूईएफआय मानत असेल, तर धडधाकट डिस्कसुद्धा त्याला नकोशी होते. साटा मोड, म्हणजे डिस्क चालवायची पद्धत, एएचसीआयवरून रेडवर गेला, किंवा उलट झालं, तर निळा स्क्रीन येतो, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मोड होता तसा केला की मशीन मुकाट्याने उठतं. सेटअपला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मला हे शिकायला दोन वर्षं लागली.

अलीकडे सगळ्यात जास्त येणारी केस मात्र वेगळी आहे. जुनं मशीन, त्यात नवी एसएसडी टाकली, विंडोज एसएसडीवर घेतलं, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच ठेवली. वर्षभर मशीन पळालं. मग जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून काढली, आणि एसएसडी नवीकोरी असूनही ‘नो बूटेबल डिव्हाइस’. मालक म्हणतो, एसएसडी गेली. गेली नाही. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क लावलेल्या होत्या. विंडोजच्या सेटअपला जुन्या डिस्कवर सुरुवातीचं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, तयार मिळालं, त्याने नवं न बनवता तेच वापरलं. विंडोज एका डिस्कवर आणि त्याला उठवणाऱ्या फाइली दुसरीवर. घर एकाच्या नावावर, किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

हे आधीच तपासता येतं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कोणत्या डिस्कवर आहे ते बघा. साधारण १०० एमबीचा तुकडा असतो तो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ‘सिस्टिम’ असा शेरा शोधा. इथे मायक्रोसॉफ्टने नावांचा घोळ घातलाय: ज्यावरून मशीन उठतं त्याला ते ‘सिस्टिम’ म्हणतात आणि ज्यावर विंडोज असतं त्याला ‘बूट’. उलटं वाटलं तर तुमचं काही चुकत नाहीये. ते पार्टिशन जुन्या डिस्कवर असेल, तर ती काढण्याआधी एसएसडीवर तसंच पार्टिशन करून बीसीडीबूट कमांडने फाइली तिथे न्याव्या लागतात. आणि विंडोज नव्याने टाकत असाल, तर बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण दुकानदारही कंटाळा करतात. मीही केलाय.

व्हिडिओ बघून कमांड मारत सुटणाऱ्यांना एकच सांगतो: एमबीआर दुरुस्त करणाऱ्या कमांडचा जीपीटी, म्हणजे यूईएफआयबरोबरच्या नव्या पद्धतीने आखलेल्या, डिस्कला उपयोग नाही. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा, त्यात सुरुवात करून देणारा कोड ४४६ बाइटचा. यूईएफआय तो कोड चालवतच नाही. शिवाय दुरुस्तीच्या काळ्या खिडकीत तुमचा सी कधी कधी डी झालेला असतो. कमांड देण्याआधी आत कोणते फोल्डर आहेत ते बघा, नाहीतर दुरुस्ती शेजाऱ्याच्या घरात व्हायची.

आता आवाज. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला कान लावा. एकसारखी घूं घूं ठीक आहे. टक… टक… टक… थोडा वेळ शांत, पुन्हा टक टक, असं येत असेल तर तिथेच थांबा. बटण बंद. आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरून हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, काही नॅनोमीटर अंतराने तरंगत जातं. ते हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाही, म्हणून परत जाऊन पुन्हा येतंय. ‘परत एकदा चालू करून बघतो’ असं म्हणून लोक वीसदा बटण दाबतात आणि प्रत्येक वेळी वाचवता येण्यासारखं थोडं थोडं कमी होतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला मिळेल. बाहेर काढल्यावर तिच्यावर ओल धरते, ते करू नका. झाकण उघडून बघायचा मोह तर अजिबात नको, हवेतला धुळीचा कण त्या हेडच्या उंचीपुढे डोंगराएवढा असतो. अशी डिस्क डेटा काढून देणाऱ्या लॅबकडेच जाते.

टकटक नाही, पण सी५ वाढलेला आहे, मशीन फार वेळ घेतं, फाइल उघडताना अडकतं, अशी डिस्क अजून बोलते आहे. इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे चेकडिस्क, विंडोजची डिस्क तपासायची कमांड. लोक ‘दुरुस्ती’ म्हणून ती लावून झोपायला जातात. ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत बसते, खराब जागी पुन्हा पुन्हा घासते आणि फाइलींच्या नोंदीही बदलते. आजारी माणसाला आधी डोंगर चढायला लावायचं आणि मग डॉक्टरकडे न्यायचं, तसं. आधी कॉपी, मग दुरुस्ती. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची कॉपी काढणारं अवजार चालवता आलं तर उत्तम, कारण ते चांगले भाग आधी उचलून घेतं आणि अडणारे भाग शेवटी ठेवतं. कॉपी अर्थात दुसऱ्या डिस्कवर.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावलीत आणि तिने ४८ आकड्यांची किल्ली मागितली, तर घाबरू नका. ते बिटलॉकर, विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप सुरू होतं आणि किल्ली त्याच खात्यात जमा होते. बायोसची सेटिंग हलवली तरी ती मागितली जाते. खातं मुलाने उघडून दिलं असेल, ईमेल कोणता ते आठवत नसेल आणि मुलगा पुण्यात असेल, तर आधी त्याला फोन लावा. किल्लीशिवाय आत जाता येत नाही, मलाही नाही.

मशीन दुकानात देताना तोंडी सांगून भागवू नका. कॅबिनेटवर चिकटपट्टीने कागद लावा: ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ दुकानात दिवसाला दहा मशीन येतात आणि संध्याकाळी ती उघडणारा मुलगा सकाळी तुमच्याशी बोललेला नसतो. आणि ‘माझं सगळं डी मध्ये आहे, सी उडवा बिनधास्त’ हे वाक्य उच्चारण्याआधी जरा थांबा. डेस्कटॉप सी मध्ये असतो. डाउनलोड्स सी मध्ये असतं. टॅलीचा डेटा मुद्दाम हलवला नसेल तर तोही तिथेच असतो. एक ब्लाउज शिवणाऱ्या ताई मशीन घेऊन आल्या होत्या, सगळं डी मध्ये आहे म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, रोज सकाळी मशीन चालू केलं की पहिली कोणती फाइल उघडता? म्हणाल्या, मापांची, ती काय समोरच असते, हिरव्या चित्राची. समोर म्हणजे डेस्कटॉपवर. सात वर्षांची मापं होती त्यात.