ग्रॅडियसचं घराणं: खूण कोणती, नियम कोणता?

स्पेस शूटरमध्ये, म्हणजे विमान चालवत शत्रूंवर गोळ्या झाडायच्या व्हिडिओ गेममध्ये, ओळखीचं काही दिसलं की 'कॉपी आहे' म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. नवी मुंबईत भिंतींवर आणि चौकांत फ्लेमिंगो दिसतात, ती शहराची खूण. सेक्टरची पद्धत एकदा वाशीत समजली की नेरूळमध्येही पत्ता सापडतो, तो नियम. गेमचंही तसंच. चित्र बदलूनही हात पूर्वीसारखेच चालले तर त्या चित्राची ती नुसती खूण होती. हातांना नवं शिकावं लागलं तर तिथे नियम बदलला.

कोनामी या जपानी कंपनीच्या शूटरांच्या घराण्यावर, म्हणजे ग्रॅडियस आणि त्याच्या नातलगांवर, ही कसोटी छान लागते. ठाणे, ऐरोली, घणसोली, वाशी अशा ट्रान्स-हार्बरच्या पट्ट्यात राहणारे तीन-चार जण रविवारी एका घरी जमले, तर एका दुपारी निम्मं काम होतं. 'कोनामी आर्केड क्लासिक्स अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये स्क्रॅम्बल, ट्विनबी, ग्रॅडियस आणि लाइफ फोर्स एकत्र मिळतात. यादीत ग्रॅडियस 'नेमेसिस' या परदेशी नावाने आहे आणि ग्रॅडियस २ 'व्हल्कन व्हेंचर' म्हणून, त्यामुळे शोधताना हमखास चुकतं.

सुरुवात करण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. तो बंद असेल तर बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते आणि आपण गेमला दोष देत बसतो. सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ हवा तिथे साठवून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय, पहिल्या फेरीत अजिबात नको. मेल्यावर काय हातचं जातं, हा या घराण्याचा सर्वांत बोलका भाग आहे, आणि सेव्हमुळे नेमका तोच झाकला जातो. वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, हाताने काय केलं, मेल्यावर काय गेलं. एक जण खेळेल, दुसरा लिहील. खेळणाऱ्याने स्वतः लिहायचं ठरवलं तर तिसरा रकाना नेहमी कोरा राहतो.

पहिला स्क्रॅम्बल (१९८१). आडवी सरकणारी जमीन, समोर मारायची गोळी, खाली टाकायचा बॉम्ब आणि सतत उतरणारं इंधन. टाक्या फोडल्या तरच इंधन भरतं, म्हणजे जमिनीपासून लांब राहून चालत नाही. लगेच ग्रॅडियस (१९८५) लावा. त्याची सुरुवातच स्क्रॅम्बलचा पुढचा भाग म्हणून झाली होती. जमीन आणि खाली जाणारा मारा इथेही आहे, इंधन मात्र गेलं. जमिनीशी लगट करायला लावणारी सक्ती गेली आणि तिच्या जागी शत्रू मारून उचलायच्या कॅप्सूल आल्या.

इथे जरा वेळ काढा. प्रत्येक कॅप्सूलने खालच्या पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो: स्पीड अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन (विमानासोबत फिरून गोळ्या मारणारा गोळा) आणि शेवटी ढाल. हवं ते घर आलं की बटण दाबायचं. ऑप्शनसाठी पाच कॅप्सूल साठवाव्या लागतात, आणि तोवर आपण दुबळेच असतो. डबल आणि लेझर एकत्र मिळत नाहीत. स्पीड अप दोन पुरेत. तिसरा घेतला की अरुंद जागेत विमान भिंतीवर जातं. ऑप्शन तुमच्या वाटेवरून मागे येतात, तुम्ही थांबलात की तेही थांबतात. म्हणून आधी वर-खाली जाऊन त्यांची उभी रांग लावायची आणि मग स्थिर राहून मारा करायचा. हे जमेपर्यंत पुढच्या गेमला हात लावू नका.

मग सॅलमँडर, अमेरिकेत लाइफ फोर्स (१९८६). विमान तेच व्हिक व्हायपर, ऑप्शनची चालही तीच, पण पट्टी नाही: जी वस्तू उचलाल ती लगेच लागू. तिसरा रकाना इथे सर्वांत जास्त भरेल. ग्रॅडियसमध्ये मेल्यावर सगळं काढून घेऊन मागे पाठवतात. इथे तुम्ही जागच्या जागी परत येता आणि सुटलेले ऑप्शन पुन्हा पकडता येतात. दोघांनी एकत्र खेळायचा गेम असल्यामुळे मागे पाठवणं परवडणारं नव्हतं.

ट्विनबीत (१९८५) ढगांतून घंटा पडतात आणि गोळ्या लागत राहिल्या की त्यांचा रंग बदलतो. हवा तो रंग आला की थांबायचं. एक गोळी जास्त झाली की गेला. पॅरोडियसमध्ये, म्हणजे ग्रॅडियसच्या विडंबनात, पट्टी आणि घंटा दोन्ही आहेत. ग्रॅडियसमध्ये मोआईचं, म्हणजे ईस्टर बेटावरच्या दगडी मुखवट्यासारख्या शत्रूचं, तोंड उघडलं की तिथेच गोळी घालायची, म्हणून तो नियम. पॅरोडियसमधले मोआई पाहून हसू आलं पण हात बदलले नाहीत, तर 'खूण' लिहा.

दोन चुका सर्रास होतात. एक, आर्केड (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरची) आणि घरगुती आवृत्ती एकच समजणं: आर्केड ग्रॅडियसमध्ये ४ ऑप्शन मिळतात, फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर फक्त २. वहीत आवृत्ती लिहा, नाहीतर निष्कर्ष फसतो. दुसरी, साम्य दिसलं की वारसा मानणं. ट्विनबीतलं हवेत गोळी आणि जमिनीवर बॉम्ब हे नामको या दुसऱ्या कंपनीच्या झेव्हियस गेममध्ये आधीपासून आहे. तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. उलट झेव्हियसमधला लपवलेला स्पेशल फ्लॅग नामकोच्याच रॅली-एक्समधून (१९८०) आला, हे चित्रच सांगतं. पण रॅली-एक्समध्ये तो पुढच्या झेंड्यांचे गुण दुप्पट करतो आणि झेव्हियसमध्ये जास्तीचं विमान देतो. खूण तीच, नियम दुसरा.

शेवटची चाचणी कोनामी कोडची. १९८६च्या फॅमिकॉम ग्रॅडियसमध्ये खेळ थांबवून वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए दाबलं की शस्त्रं मिळतात. त्याच्या पुढच्या पिढीच्या कन्सोलवरच्या, सुपर फॅमिकॉमच्या, ग्रॅडियस ३मध्ये हेच दाबा, विमान फुटतं. तिथे डाव्या-उजव्याऐवजी एल आणि आर ही खांद्याची बटणं लागतात. ज्याला जुना कोड पाठ आहे त्यालाच कंट्रोलर द्या आणि आधी काही सांगू नका. इथे खूण पडद्यावर नसून खेळणाऱ्याच्या बोटांत असते, तेव्हा वहीत तिच्यासाठी चौथा रकाना आखावा लागेल.