सेकंड हँड स्पोर्ट्स कूपे घेताय? रिअर व्हील की ऑल व्हील, हे असं ठरवा

एकाच मॉडेलच्या दोन जुन्या कूपे समोर येतात, एक मागच्या चाकांवर चालणारी आणि दुसरी चारही चाकांवर, आणि मग कोण म्हणतं ऑल व्हील सेफ असते, कोण म्हणतं खरी मजा रिअर व्हीलमध्येच. दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. नवी गाडी घेताना हा आवडीचा प्रश्न असेल, जुनी घेताना मात्र आधी मेंटेनन्स बघा आणि मग आवड.

पहिली गोष्ट, ऑल व्हील ड्राइव्हचा खरा फायदा अॅक्सिलरेटर दाबल्यावर मिळतो. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावर थांबायच्या वेळी चारही चाकांना ताकद नेणाऱ्या त्या जास्तीच्या शाफ्टचा काही उपयोग होत नाही, उलट सिस्टिममुळे गाडी साधारण ५० ते ८० किलो जड झालेली असते. वळणात किती ग्रिप मिळणार हे मुख्यतः टायर ठरवतात. फरक जाणवतो तो वळणातून बाहेर पडताना, कारण तिथे रिअर व्हील गाडीत मागच्या दोन टायरना गाडी आडवी जाण्यापासून धरून पण ठेवायचंय आणि पुढे ढकलायचं पण आहे, आणि टायरची ग्रिप दोन्ही कामांत वाटली जाते. ऑल व्हीलमध्ये ढकलायचं काम चौघांत वाटलं जातं. पण यातच एक धोका आहे, पावसात ही गाडी इतकी सहज वेग पकडते की रस्ता किती निसरडा आहे ते ब्रेक मारेपर्यंत कळतच नाही.

मग पॉवर बघा. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्या २०१२ मध्ये आल्या, साधारण २०० हॉर्सपॉवर आणि फक्त रिअर व्हील. जवळजवळ सगळ्या गाड्या ऑल व्हील बनवणाऱ्या सुबारूनेसुद्धा इथे ते वजन नको म्हटलं! दुसऱ्या टोकाला निसान जीटी-आर आर३५, २००७ मध्ये आली तेव्हाच ४८० हॉर्सपॉवर, आणि तिथे चारही चाकं कामाला लावणं बरोबरच होतं. माझं मत विचाराल तर ३०० हॉर्सपॉवरच्या आत आणि रस्ते बहुतेक कोरडे असतील तर डोळे झाकून रिअर व्हील, ४०० च्या वर आणि पाऊस किंवा बर्फ नेहमीचा असेल तर ऑल व्हील, मधलं सगळं तुमच्या रस्त्यांवर. बर्फात चालवणार असाल तर आधी विंटर टायरचं बजेट काढा, कारण साधारण ७ डिग्रीच्या खाली समर टायरचं रबर कडक होत जातं आणि मग चार चाकं फिरली काय आणि दोन काय.

आणि ऑल व्हील म्हणजे काही एकच सिस्टिम नाही. ऑडी टीटीत इंजिन आडवं असतं, गाडी मुळात पुढच्या चाकांची, आणि हाल्डेक्स नावाचा क्लच लागेल तसा टॉर्क (चाकं फिरवणारी ताकद) मागे पाठवतो. टीटी क्वात्रो (ऑडीची ऑल व्हील) नसेल तर ती फ्रंट व्हील असते, रिअर व्हील टीटी कधी आलीच नाही, तेव्हा ती शोधू नका. बीएमडब्ल्यूच्या ४ सिरीजमध्ये उलटं, गाडी मुळात मागच्या चाकांची आणि एक्सड्राइव्ह या तिच्या ऑल व्हील सिस्टिमची ट्रान्स्फर केस (टॉर्क पुढे-मागे वाटणारा भाग) क्लचमधून टॉर्क पुढे देते, म्हणून ती चालवताना बरीचशी रिअर व्हीलसारखीच वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायर. ऑल व्हील कूपे बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी खाली वाका आणि चारही टायरचा ब्रँड, मॉडेल, साइज आणि ट्रेड (खाचांची खोली) बघा. पुढचे झिजलेले आणि मागचे नवे असतील, समजा ट्रेडमध्ये ३ मिमीचा फरक, तर व्यासात ६ मिमी झाला, म्हणजे ६५ सेंमीच्या चाकात जवळपास १ टक्का, आणि मग सरळ हायवेवरसुद्धा पुढची आणि मागची चाकं वेगळ्या स्पीडने फिरतात आणि मधला क्लच विनाकारण घासत तापत राहतो. पुढे-मागे वेगळ्या साइजचे टायर कंपनीनेच दिले असतील तर हरकत नाही, पण साइज दारावरच्या स्टिकरशी जुळवा. टायरवरच्या डीओटी (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. हेही लक्षात ठेवा की एक टायर फाटला तर ऑल व्हीलमध्ये बऱ्याचदा चारही बदलावे लागतात.

टेस्ट ड्राइव्हला मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. गाडी अडखळली, उड्या मारल्यासारखी चालली तर ट्रान्स्फर केस किंवा क्लच अडकतोय. कमी स्पीडला हलका अॅक्सिलरेटर देताना थरथर येते का तेही बघा. हाल्डेक्सवाल्या गाडीत पंपाची जाळी चोक झाली की मागची चाकं गुपचूप बंद पडू शकतात, डॅशबोर्डवर लाइट येईलच असं नाही, म्हणून खडीवर किंवा ओल्या गवतावर जागेवरून जरा जोरात काढा आणि कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा. फक्त पुढची चाकं गरगर फिरत राहिली तर समजून जा.

कागदांत ट्रान्स्फर केस किंवा हाल्डेक्सचं ऑइल बदलल्याचं बिल शोधा. "ते लाइफटाइम ऑइल असतं" असं विक्रेता म्हणाला तर ते बदललेलं नाही असंच धरून चाला. रिपेअरला मजुरी पण जास्त लागते, उदाहरणार्थ बऱ्याच सहा सिलिंडरच्या एक्सड्राइव्ह गाड्यांत पुढचा एक्सल ऑइल सम्पमधून (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतून) आरपार जातो, त्यामुळे सम्पचं साधं गॅस्केट बदलायचं म्हटलं तरी बरंच काही उतरवावं लागतं. पुढच्या एक्सलचे रबर बूट फाटून ग्रीस उडालंय का तेही खालून बघून घ्या.

रिअर व्हीलमध्ये पार्ट कमी, पण तिथे आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली हे शोधायचं असतं. मागच्या व्हील आर्चमध्ये रबराचे तुकडे चिकटलेत, आतलं लायनर फाटलंय, हँडब्रेकजवळ जास्तीची भोकं आहेत, तर गाडी ड्रिफ्टिंगला (मुद्दाम मागून घसरवत चालवायला) वापरली असण्याची दाट शक्यता. इथेही तीच गोल फिरवायची टेस्ट करा, मागचं आतलं चाक ची-ची करत फरफटत असेल तर डिफरेन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगळ्या स्पीडने फिरू देणारा भाग) वेल्ड केलेला असू शकतो. अॅक्सिलरेटर सोडून परत दाबताना खाट्‌ असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तपासून घ्या.

लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) आहे का हे फॅक्टरी ऑप्शन लिस्टमधूनच बघा. मागची दोन्ही चाकं उचलून न्यूट्रलमध्ये एक हाताने फिरवायचं आणि दुसरं कुठल्या दिशेला फिरतं ते बघायचं, ही टेस्ट लोक सांगतात, पण ती क्लचवाल्यालाच लागू पडते. टॉर्सन (क्लचऐवजी गिअरवर चालणारा प्रकार) असेल तर दुसरं चाक साध्या डिफरेन्शियलसारखंच उलटं फिरतं आणि चांगली गाडी उगाच हातची जाते.